विवर्तनी भिंग बनवताना आणि तपासताना: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

चपट्या काचेवर मायक्रॉनभर खोलीची वलयं कोरून केलेलं विवर्तनी भिंग सूक्ष्मदर्शकाखाली सुबक दिसतं, पण बाकावर लावल्यावर आकडे जुळत नाहीत. हिशेबात कार्यक्षमता (मुख्य नाभीत पोचणारा प्रकाशाचा वाटा) ८१ टक्के असते आणि मीटर ६० दाखवतो. मग मास्क (नक्षीचा छापा) चुकला, एचिंग (काच कोरणं) कमी पडलं की मोजणीच चुकली, यावर वाद सुरू होतो. तो सुटत नाही, कारण मधल्या एकाही टप्प्यावर मोजून ठेवलेलं काही नसतं. म्हणून या लेखात बनवणं आणि तपासणं वेगळं काढलेलं नाही. प्रत्येक टप्प्याची तपासणी त्याच टप्प्यावर आहे. ती वगळून पुढे गेलात तर शेवटच्या आकड्यावरून मागचा दोष शोधणं फार अवघड जातं.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, नाभीय अंतर ५० मिमी, व्यास ५ मिमी, १ मिमी जाडीची फ्यूज्ड सिलिका, आणि चार पायऱ्यांचं भिंग. हे दोन मास्कमध्ये होतं. साध्या काँटॅक्ट लिथोग्राफीत, म्हणजे मास्क काचेला टेकवून प्रकाशाने नक्षी छापण्यात, जमण्यासारखं आहे, आणि चुका कुठे होतात ते यात स्पष्ट दिसतं.

## टप्पा १: कागदावरचे आकडे

एका पूर्ण वलयात फेज (प्रकाशतरंगाची कला) एक पूर्ण आवर्तन फिरते. अशा वलयाची बाहेरची त्रिज्या काढण्याचं सूत्र असं:

त्रिज्या = √(२ × क्रमांक × तरंगलांबी × नाभीय अंतर + (क्रमांक × तरंगलांबी)²)

सर्वांत जास्त गोंधळ त्या '२' चा होतो. काळ्या-पांढऱ्या झोन प्लेटच्या सूत्रात अर्ध्या आवर्तनाची वलयं मोजतात, म्हणून तिथे २ नसतो. ते सूत्र उचलून इथे वापरलं तर नाभी ५० ऐवजी २५ मिमीवर येते. पहिल्या वलयाची त्रिज्या पाहून हे लगेच तपासता येतं. ती २५१.६ मायक्रॉन आली पाहिजे. १७७.९ आली असेल तर चुकीचं सूत्र हाती लागलं आहे.

वर्गाचं दुसरं पदही टाकून देऊ नका. या भिंगात ते टाकलं तर ९८व्या वलयाची कड पाऊण मायक्रॉनने सरकते. इथे तेवढं खपून जाईल, पण नाभीय अंतर कमी आणि व्यास मोठा केला की हा फरक झपाट्याने वाढतो आणि गोलीय विपथन (काठाचा आणि मधला प्रकाश एकाच जागी न जुळणं) म्हणून समोर येतो.

बाकीचे आकडे असे येतात. २.५ मिमी त्रिज्येत साधारण ९८.७ वलयं बसतात. सर्वांत बाहेरचं वलय १२.७ मायक्रॉन रुंद असतं. त्याच्या चार पायऱ्या केल्या की एक पायरी ३.२ मायक्रॉनची होते, आणि आठ केल्या तर १.६ ची. पायऱ्या ठरवताना तुमच्या लिथोग्राफीची मर्यादा आधी बघा, कार्यक्षमता नंतर. हिशेबाने दोन पायऱ्यांना ४०.५ टक्के, चारला ८१ टक्के, आठला ९५ टक्के मिळतात. पण १.६ मायक्रॉनच्या पायऱ्या विस्कटल्या तर आठ पायऱ्यांचं भिंग चांगल्या चार पायऱ्यांच्याही मागे पडतं. पहिल्या खेपेला चारवरच थांबा असं मी ठामपणे सांगेन.

खोलीचा हिशेब सोपा आहे. पूर्ण आवर्तनाची खोली म्हणजे तरंगलांबी भागिले (अपवर्तनांक वजा १). ६३२.८ ला फ्यूज्ड सिलिकाचा अपवर्तनांक १.४५७ असतो, म्हणून ही खोली १३८५ नॅनोमीटर येते. चार पायऱ्यांसाठी एक एचिंग ६९२ नॅनोमीटरचं आणि दुसरं ३४६ चं. दोन्ही मिळून खोली १०३९ होते, १३८५ नाही. चौथ्या पायरीनंतर पुढचं वलय पुन्हा शून्यापासून सुरू होतं. "एकूण खोली कमी पडली" असं समजून जास्त कोरणारे इथेच फसतात.

तपासा: अपवर्तनांक तुमच्याच काचेचा आणि तुमच्याच तरंगलांबीचा घेतला आहे ना? कोरीव काम काचेत न उतरवता रेझिस्टमध्येच (प्रकाशसंवेदी थरातच) ठेवणार असाल तर हिशेब रेझिस्टच्या अपवर्तनांकाने करा. तो १.६४ च्या आसपास असेल तर पूर्ण खोली सुमारे ९९० नॅनोमीटर येते.

## टप्पा २: मास्कचा आराखडा

वर्तुळं काढताना सॉफ्टवेअर प्रत्यक्षात बहुभुज काढतं. ६४ बाजू ठेवल्या तर २.५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळात बाजूचा मध्य खऱ्या कडेपासून ३ मायक्रॉन आत जातो, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण पायरी हुकते. ही चूक ५० नॅनोमीटरच्या आत ठेवायला सुमारे ५०० बाजू लागतात. फाइल मोठी झाली तरी चालेल, पण बाजूंची संख्या स्वतः ठरवा, सॉफ्टवेअरवर सोडू नका.

दुसरा प्रश्न मास्कच्या ध्रुवतेचा, म्हणजे कोणता भाग कोरायचा आणि कोणता राखायचा याचा. अभिसारी भिंगात प्रत्येक वलय आतल्या कडेला सर्वांत जाड असतं आणि बाहेर जाताना उतरत जातं. म्हणून आतून बाहेर चार पायऱ्यांची खोली ०, ३४६, ६९२, १०३९ अशी हवी. उथळ मास्क दुसरी आणि चौथी पायरी कोरतो. खोल मास्क तिसरी आणि चौथी कोरतो. आता उलटं छापलं गेलं तर काय होतं ते पाहा. खोल मास्क उलटा झाला तर सगळीकडे अर्ध्या आवर्तनाचा सारखाच फरक पडतो आणि भिंग तसंच काम करतं. उथळ मास्क उलटा झाला तर मात्र भिंग अपसारी होतं आणि समोर नाभी सापडतच नाही. म्हणजे ध्रुवतेची काळजी मुख्यतः उथळ मास्कची घ्यायची. मास्क पॉझिटिव्ह रेझिस्टसाठी आहे की निगेटिव्ह, हे आराखड्याच्या चित्रातच लिहून ठेवा.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. प्रत्येक भिंगाशेजारी साक्षीदार नक्षी टाका:

- प्रत्येक मास्कचा स्वतंत्र, किमान २०० मायक्रॉन बाजूचा चौकोन, आणि दोन्ही मास्क एकत्र येतात असा एक चौकोन. खोली इथे मोजायची.
- सर्वांत बाहेरच्या वलयाएवढ्याच रुंदीच्या सरळ रेघांचा चार पायऱ्यांचा एक तुकडा. काठावरच्या वलयांत काय झालं ते हा सांगतो.
- दोन मास्क एकमेकांवर किती सरकले ते वाचता यावं म्हणून व्हर्निअर, आडवा आणि उभा.

भिंगाभोवतीची मोकळी काच झाकण्याची सोयही इथेच ठरवा. नक्षीबाहेरून सरळ गेलेला प्रकाश पुढे शून्य ऑर्डर (न वळता सरळ जाणारा प्रकाश) म्हणून मोजला जातो आणि चांगलं भिंग वाईट ठरतं. ५ मिमीची खिडकी सोडलेला क्रोम थर किंवा तेवढंच छिद्र असलेला काळा पडदा, काहीही चालेल.

## टप्पा ३: चाचणीचा बाक भिंगाच्या आधी उभा करा

भिंग तयार झाल्यावर बाक लावायला घेतला की दोन अज्ञात गोष्टी एकमेकांत मिसळतात. मास्क बनून येईपर्यंत वेळ असतोच, तो बाकावर घालवा.

रचना अशी: हीलियम-निऑन लेझर, अवकाशीय गाळणीसाठी ऑब्जेक्टिव्ह आणि पिनहोल, समांतर करणारं भिंग, ५ मिमीचं छिद्र, भिंगाचा धारक, आणि त्यामागे सरकत्या स्टेजवर सूक्ष्मदर्शकाचं ऑब्जेक्टिव्ह व कॅमेरा. बीम छिद्रापेक्षा बराच मोठा करा, म्हणजे छिद्रातला प्रकाश एकसारखा राहील. तो समांतर झाला की नाही हे शिअर प्लेटने पाहा. भिंतीवर ठिपका टाकून केलेला अंदाज पुरत नाही.

कॅमेऱ्याच्या ऑब्जेक्टिव्हचं संख्यात्मक छिद्रमान (प्रकाशाचा शंकू किती रुंद त्याचं माप) भिंगाच्या मानापेक्षा मोठं हवं. आपल्या भिंगाचं मान ०.०५ आहे, त्यामुळे १०× आणि ०.२५ चं साधं ऑब्जेक्टिव्ह पुरतं. कॅमेऱ्याची गॅमा दुरुस्ती आणि स्वयंचलित एक्सपोजर दोन्ही बंद ठेवा.

आता धारकात विश्वासाचं, नाभीय अंतर माहीत असलेलं नेहमीचं काचेचं भिंग लावा आणि पुढच्या सगळ्या मोजण्या त्यावर करून पाहा. त्याचं नाभीय अंतर आणि ठिपक्याचा आकार बरोबर येत नसेल तर दोष बाकात आहे. तो आधी काढा.

इशारा: या मांडणीत ऑब्जेक्टिव्हमागे आयपीस लावून डोळा लावू नका, लेझर कितीही मंद वाटला तरी. बघायचं ते कॅमेऱ्यातूनच.

## टप्पा ४: काच आणि रेझिस्ट

काच ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शुद्ध पाणी या क्रमाने धुवा. ॲसिटोन काचेवर वाळू देऊ नका, डाग राहतो. मग १५० ते २०० अंश सेल्सिअसवर ओलावा घालवा आणि लगेच एचएमडीएसचा (रेझिस्ट काचेला धरून ठेवणाऱ्या रसायनाचा) थर द्या. काच थंड होऊन तासभर उघडी पडली तर ओलावा परत येतो आणि डेव्हलपरमध्ये (नक्षी उघडी करणाऱ्या द्रावणात) बारीक रेघा सुटून वाहून जातात.

रेझिस्टची जाडी एचिंगवरून ठरते. फ्लोरिनयुक्त वायूंच्या प्लाझ्मात काचेबरोबर रेझिस्टही झिजतो, कधी कधी जवळजवळ त्याच वेगाने. ६९२ नॅनोमीटर कोरायला १.३ मायक्रॉनच्या आसपासचा थर सोयीचा पडतो.

छोटे चौकोनी तुकडे वापरणाऱ्यांची खास अडचण म्हणजे कडेला साचणारी रेझिस्टची वरंबी. ती १० मायक्रॉन उंच असली की मास्क तेवढाच वर राहतो, आणि त्या फटीतून साधारण २ मायक्रॉनपर्यंतचा तपशील पुसट होतो. आपल्या पायऱ्या ३.२ च्या आहेत, त्यामुळे हे परवडत नाही. कडेचा रेझिस्ट द्रावकाने पुसा किंवा वेगळं एक्सपोजर देऊन काढा.

## टप्पा ५: एक्सपोजर आणि डेव्हलपिंग

पारदर्शक काचेवर काम करताना सिलिकॉनवरची सवय सोडावी लागते. प्रकाश काचेतून आरपार जातो, खालच्या धातूच्या चकवर आपटून परत येतो आणि रेझिस्टवर दुसरी, सरकलेली नक्षी उमटवतो. काचेखाली प्रकाश शोषणारा काळा पृष्ठभाग ठेवा. मास्कविना थेट लेझरने लिहिणारं यंत्र असेल तर त्याचा स्वयंचलित फोकस काचेच्या मागच्या पृष्ठभागावर तर बसला नाही ना, ते आधी एका रिकाम्या कोपऱ्यात लिहून पाहा.

मात्रा ठरवायला एकाच काचेवर कमी-जास्त एक्सपोजरची रांग घ्या. पाहायची ती सरळ रेघांची साक्षीदार नक्षी, मोठा चौकोन नव्हे. चौकोन चुकीच्या मात्रेतही छान दिसतो. रेघ आणि फट समान रुंदीची दिसेल तीच मात्रा पक्की करा.

इशारा: डेव्हलपरमधलं टीएमएएच त्वचेतून शरीरात शिरतं आणि प्राणघातक ठरू शकतं. हातमोजे, चष्मा आणि ॲप्रनशिवाय बाटली उघडू नका. अंगावर सांडल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

डेव्हलप झाल्यावर जास्त तापमानाला भाजू नका. नेहमीचे पॉझिटिव्ह रेझिस्ट ११० ते ११५ अंशांच्या पुढे वितळून गोलावू लागतात, आणि ती गोलाई एचिंगमध्ये जशीच्या तशी काचेत उतरते.

तपासा: बाहेरची वलयं चारही दिशांना पाहा. एका बाजूला धारदार आणि तिच्या समोरच्या बाजूला पुसट असतील तर मास्क एका बाजूने उचललेला होता. ही काच पुढे नेऊ नका. रेझिस्ट काढून पुन्हा सुरुवात करणं इथे स्वस्तात होतं, एचिंगनंतर होत नाही.

## टप्पा ६: एचिंग आणि खोली

आधी उथळ एचिंग करावं, खोल नंतर. उथळ मास्कची नक्षी सर्वांत बारीक असते आणि सपाट काचेवर रेझिस्ट सर्वांत एकसारखा बसतो. ६९२ ची पायरी आधी कोरली तर तिच्यावरून रेझिस्ट जाड-पातळ होतो आणि बारीक काम बिघडतं. उलट क्रमाने करणारेही आहेत. त्यांचा युक्तिवाद असा की खोल खुणा जुळवणीला ठळक दिसतात. मला त्यापेक्षा जुळवणीच्या खुणा क्रोममध्ये वेगळ्या करून घेणं बरं वाटतं.

वेळेवर भरवसा ठेवून एचिंग करू नका. कालचा वेग आज राहत नाही, कारण कक्षाच्या भिंतींवर काय साचलं आहे त्यावर तो बदलतो. क्रम असा ठेवा:

1. त्याच वायूंनी रिकामा कक्ष काही वेळ चालवून घ्या.
2. मुख्य काचेसोबत, तोच रेझिस्ट आणि तीच नक्षी असलेले दोन-तीन छोटे तुकडे ठेवा. तुकडे त्याच काचेचे हवेत.
3. अंदाजे ८० टक्के वेळ झाल्यावर थांबा, एक तुकडा बाहेर काढा, त्याचा रेझिस्ट पूर्ण काढा आणि खोली मोजा.
4. उरलेला वेळ त्या मोजणीवरून काढा आणि मुख्य काच पूर्ण करा.

रेझिस्ट अंगावर असताना प्रोफाइलोमीटर (टोक फिरवून उंची मोजणारं यंत्र) जी उंची दाखवतो ती खोली नव्हे. ती उरलेला रेझिस्ट अधिक खोली असते. तीच उंची खोली समजून एचिंग लवकर थांबवणं ही या टप्प्यावरची सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. आणि मुख्य काचेवरचा रेझिस्ट एकदा काढला की ती नक्षी पुन्हा कोरता येत नाही, म्हणूनच जोडीचे तुकडे लागतात.

खोलीत किती चूक चालते? सगळ्या पायऱ्या मिळून १० टक्के उथळ राहिल्या तर पहिल्या ऑर्डरचा, म्हणजे मुख्य नाभीकडे जाणारा, प्रकाश फक्त ३ टक्क्यांनी घटतो, ८१ चे साधारण ७८.५ होतात. म्हणजे खोलीच्या लहान चुकीने कार्यक्षमता कोसळत नाही. कोसळली असेल तर कारण दुसरीकडे शोधा. तरी मी ३ टक्क्यांच्या आत राहण्याचा आग्रह धरते, कारण चुकलेली खोली शून्य ऑर्डर जागी करते आणि प्रतिमेवर धूसरपणा आणते.

तपासा: खोली मोजायची ती मोठ्या चौकोनावर. स्टायलसचं टोक काही मायक्रॉन गोल असू शकतं, आणि मग ३ मायक्रॉनच्या फटीच्या तळापर्यंत ते नीट पोचत नाही. बारीक नक्षीसाठी एएफएम (अणुबल सूक्ष्मदर्शक) वापरा. पांढऱ्या प्रकाशाच्या इंटरफेरोमीटरवर कडेला दिसणारे उंच सुळके बहुधा मोजणीतले असतात, काचेतले नव्हे.

## टप्पा ७: दुसरा मास्क आणि जुळवणी

धुणं, एचएमडीएस, रेझिस्ट हे सगळं पहिल्यासारखंच. फरक जुळवणीचा. ३.२ मायक्रॉनच्या पायरीत अर्धा मायक्रॉन सरकला तर पायरीचा सुमारे सहावा हिस्सा चुकीच्या खोलीला गेला. मधल्या रुंद वलयांना याचं काही वाटत नाही, काठावरची वलयं मात्र मरतात. आणि भिंगाचं बहुतेक क्षेत्रफळ काठाकडेच असतं.

डेव्हलप झाल्यावर, एचिंगच्या आधी व्हर्निअर वाचा. अर्ध्या मायक्रॉनपेक्षा जास्त सरकलं असेल तर रेझिस्ट काढा आणि पुन्हा जुळवा. या जागी घाई करणाऱ्यांची काच वाया जाते.

दुसऱ्या एचिंगनंतर काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. वलयांच्या कडेला केसासारख्या बारीक जादा रेघा डाव्या-उजव्या बाजूला दिसत असतील आणि वर-खाली नसतील, तर मास्क आडवा सरकला आहे. सगळ्या दिशांना सारख्या असतील तर एक्सपोजर जास्त किंवा कमी झालं आहे.

करड्या छटांच्या एक्सपोजरने अखंड उतार कोरणाऱ्यांना जुळवणी लागत नाही, पण त्यांची अडचण वलयाच्या उभ्या कड्यापाशी येते. लिहिणाऱ्या ठिपक्याच्या रुंदीमुळे कडा तिरका होतो. १२.७ मायक्रॉनच्या वलयात १ मायक्रॉन कड्यात गेला तर तिथली कार्यक्षमता साधारण ८५ टक्क्यांवर येते.

## टप्पा ८: नाभी शोधणं

भिंग धारकात लावताना कोरलेली बाजू नाभीकडे ठेवा, सपाट बाजू लेझरकडे. मग समांतर प्रकाश सपाट काचेतून बिनतक्रार जातो. उलट लावलं तर अभिसारी किरण १ मिमी काचेतून जातात आणि नाभी ०.३१ मिमी पुढे सरकते. या भिंगाची नाभीखोली (ठिपका धारदार राहतो ती मागची-पुढची जागा) ±०.१३ मिमी आहे, त्यामुळे आटोपशीर यंत्रणेत, जिथे सेन्सरची जागा आधीच पक्की असते, तिथे एवढ्याने प्रतिमा बिघडते. तिरपेपणा काढायला काचेवरून परत येणारा ठिपका छिद्रातच पडेल असं करा.

आधी कॅमेरा नक्षीवरच फोकस करा आणि स्टेजचा आकडा टिपा. मग मागे सरकत ठिपका सर्वांत लहान होईल तिथे थांबा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे नाभीय अंतर.

वाटेत कुठे कुठे ठिपके दिसतात त्यावर लक्ष ठेवा. बरोबर बनलेल्या चार पायऱ्यांच्या भिंगात ५० मिमीशिवाय १० मिमीवर एक क्षीण नाभी असते, ती पाचव्या ऑर्डरची. त्यात हिशेबाने ३ टक्के प्रकाश जातो. आणखी ९ टक्के अपसारी होऊन पसरतो. पण १६.७ मिमीवर ठळक ठिपका असेल तर भिंग दोन पायऱ्यांसारखं वागत आहे, म्हणजे उथळ एचिंग झालेलंच नाही किंवा फार कमी झालं आहे. २५ मिमीवर असेल तर पायऱ्यांच्या रुंदी विस्कटल्या आहेत, म्हणून जुळवणीची मापं काढा. आणि तोच ठिपका मुख्य नाभीएवढा प्रखर असेल, दुसरीकडे काहीच नसेल, तर टप्पा १ मधला तो '२' तपासा.

इशारा: सोय म्हणून लाल एलईडी वापरू नका. विवर्तनी भिंगाचं नाभीय अंतर तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. २० नॅनोमीटर पट्ट्याच्या एलईडीत नाभी दीड मिमी लांब पसरते आणि उत्तम भिंगाचाही ठिपका सुजलेला दिसतो. हिरव्या ५३२ नॅनोमीटरच्या लेझरला याच भिंगाची नाभी ५९.५ मिमीवर जाते.

## टप्पा ९: ठिपका

आदर्श ठिपक्याच्या पहिल्या काळ्या वलयाचा व्यास १५.४ मायक्रॉन येतो, आणि अर्ध्या तीव्रतेपाशी रुंदी ६.५ मायक्रॉन. चित्र घेताना मधला एकही पिक्सेल संपृक्त (मोजण्याच्या कमाल मर्यादेला भिडलेला) नको. लेझर झाकून घेतलेली पार्श्वभूमी वजा करा. कॅमेऱ्याचं मोठेपण मापपट्टीच्या काचेवरून ठरवा, ऑब्जेक्टिव्हवर छापलेल्या आकड्यावरून नव्हे.

एका बाजूला शेपूट दिसली तर आधी भिंगाचा तिरपेपणा पुन्हा काढा. चपट्या विवर्तनी भिंगाला तिरप्या प्रकाशात कोमा चटकन येतो आणि त्याचा दोष उगाच मास्कवर जातो.

चांगला ठिपका म्हणजे चांगलं भिंग नव्हे. वलयांच्या जागा बरोबर असल्या की ठिपका बरोबर येतो, खोली कितीही चुकलेली असो. जागांचा न्याय ठिपका करतो, खोलीचा न्याय कार्यक्षमता आणि शून्य ऑर्डर करतात.

## टप्पा १०: कार्यक्षमता

आकड्यांवरून सर्वांत जास्त भांडणं इथे होतात, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू वेगवेगळी गोष्ट मोजत असतात. छेद काय धरला ते आधी लिहा: भिंगावर पडलेला प्रकाश, की भिंगातून बाहेर पडलेला?

पद्धत अशी. ५ मिमीच्या छिद्रामागे, भिंग नसताना, मीटरने शक्ती मोजा. भिंग लावा, नाभीत १०० मायक्रॉनचं पिनहोल ठेवा, त्यामागे मीटर. लेझर तापून स्थिर होईपर्यंत थांबा, आणि शेवटी पहिली मोजणी पुन्हा करून वाहवण तपासा.

पिनहोल ठिपक्याएवढं लहान घेऊ नका. ऐरी आकृतीच्या (आदर्श ठिपका आणि त्याभोवतीची वलयं) पहिल्या काळ्या वलयाच्या आत ८४ टक्केच ऊर्जा असते. १०० मायक्रॉनच्या छिद्रात ९७ टक्के येते. छिद्र मोठं असल्याने शून्य ऑर्डरची भर पडेल ही भीती इथे खोटी आहे. शून्य ऑर्डर ५ मिमीवर पसरलेली असते आणि तिचा दहा हजारांतला चारच भाग या छिद्रातून जातो.

आता अपेक्षित आकडा काढा. चार पायऱ्यांचे ८१ टक्के. प्रत्येक पृष्ठभागावरून परावर्तनात ३.५ टक्के जातात, दोन पृष्ठभागांनंतर उरतात ९३ टक्के. पिनहोलचे ९७. तिन्हींचा गुणाकार येतो सुमारे ७३ टक्के. म्हणजे निर्दोष भिंगाचा मीटरही ८१ दाखवणार नाही. तुमची तुलना ७३ शी करा. ७० च्या पुढे असाल तर काम उत्तम झालं आहे.

कमी पडत असेल तर शून्य ऑर्डर मोजा. नाभीच्या बऱ्याच पुढे एक साधं काचेचं भिंग ठेवा. शून्य ऑर्डर समांतरच राहिलेली असते, म्हणून ती त्या भिंगाच्या नाभीत गोळा होते आणि पिनहोलने वेगळी मोजता येते. वाचन असं करा: खोली ५ टक्के चुकली तर शून्य ऑर्डरमध्ये ०.३ टक्के, १० टक्के चुकली तर १.४, आणि २० टक्के चुकली तर ६ टक्क्यांच्या आसपास. शून्य ऑर्डर क्षीण आहे आणि तरीही कार्यक्षमता पडली असेल तर दोष जुळवणीत किंवा कडांच्या गोलाईत आहे. साक्षीदार रेघांवर एएफएम लावा, तिथे तो दिसतो.

## टप्पा ११: यंत्रणेत बसवण्याआधी

खरा प्रकाशस्रोत लेझर डायोड असेल तर तापमान बघा. सिलिकाचं प्रसरण इतकं कमी आहे की भिंग स्वतः जवळजवळ हलत नाही. पण लाल आणि जवळच्या अवरक्त डायोडची तरंगलांबी अंशामागे साधारण ०.२ ते ०.३ नॅनोमीटर सरकते. १० अंश तापला की नाभी ०.१६ ते ०.२४ मिमी सरकली, म्हणजे नाभीखोलीच्या बाहेर गेली. चाचणी थंड डायोडवर करून थांबू नका. डबा बंद करून, यंत्रणा तापल्यावर पुन्हा मोजा.

पांढऱ्या प्रकाशासाठी विवर्तनी पृष्ठभाग एकटा वापरायचा नसतो, तो काचेच्या भिंगाला रंगदुरुस्ती म्हणून जोडतात. त्याचा परिणामी आबे अंक (रंगानुसार प्रकाशाचं वळण किती बदलतं त्याचं माप) -३.४५ असतो आणि तो काचेवर अवलंबून नसतो. बीके७ काचेसोबत ५० मिमीचं जोडभिंग करायचं तर एकूण शक्तीतला ५ टक्केच वाटा विवर्तनी पृष्ठभागाकडे येतो. मग ५ मिमी व्यासात पाच-साडेपाच वलयंच बसतात आणि काठाचं वलय २३० मायक्रॉन रुंद होतं. लिथोग्राफी सोपी होते. अवघड होतं ते नको असलेल्या ऑर्डरना आवरणं, कारण खोली एकाच तरंगलांबीला बरोबर असते.

त्यासाठी शेवटची चाचणी भटक्या प्रकाशाची. काळ्या पार्श्वभूमीवर एक प्रखर बिंदू ठेवा आणि यंत्रणेच्या स्वतःच्या कॅमेऱ्याने दोन चित्रं घ्या: एक बिंदू संपृक्त न होता, दुसरं एक्सपोजर शंभरपट वाढवून. दुसऱ्या चित्रात बिंदूभोवतीचं तेजोवलय किती दूर जातं ते मोजा, आणि तेच चित्र विवर्तनी भागाच्या जागी सपाट काच ठेवून पुन्हा घ्या. कॅमेऱ्याचं फोकस नव्याने जुळवायला विसरू नका. दोन्ही चित्रं, खोलीचे आकडे आणि व्हर्निअरची वाचनं त्या भिंगाच्या क्रमांकासह एकाच नोंदीत ठेवा.